सप्तरंगीचा काढा आणि मधुमेह: साखर उतरली, पण कशाने?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याचे आजोबा सावंतवाडीजवळच्या एका गावात मधुमेही माणसांना सप्तरंगी या वेलीच्या मुळाचा काढा देत असत. नातवाने औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पात त्याच मुळाचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला, स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेही केलेल्या सहा पांढऱ्या उंदरांना तो प्रतिकिलो ४०० मिलिग्रॅम या मात्रेने २१ दिवस पाजला, आणि त्यांची उपाशीपोटीची रक्तशर्करा सरासरी ३१० वरून १४५ वर आली. साखर फोडणारे विकर (एन्झाइम) अडवण्याच्या परीक्षानळीतील चाचणीतही हा अर्क अकार्बोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा सरस ठरला. आता तो कॅप्सूलमध्ये भरून गावातील मधुमेहींना द्यावा काय, आणि नसेल तर आणखी काय तपासावे, असे त्यांनी विचारले आहे.

कॅप्सूल आताच देऊ नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या वनस्पतीचा अभ्यास सोडूनही देऊ नये, कारण सप्तरंगीच्या पाठीशी नुसती ऐकीव माहिती नाही. रत्नागिरी जिल्ह्यात औषधशास्त्र शिकवताना आणि वनस्पतींचे अर्क तपासताना माझी जी वर्षे गेली, त्यांत मधुमेहावर गुणकारी म्हणून हातात आलेल्या बहुतेक अर्कांनी पहिल्या चाचणीत साखर उतरवून दाखवली आणि तिसऱ्या-चौथ्या चाचणीत त्यांचे काही उरले नाही. सप्तरंगीविषयी माझी अपेक्षा याहून अधिक आहे, आणि म्हणूनच तुमच्या प्रयोगातील कच्चे दुवे मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते.

वनस्पतींनी मधुमेहाच्या औषधांना वाट दाखवली आहे, हे खरेच आहे. युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत गॅलेगिन नावाचे द्रव्य असते. ते साखर उतरवते, पण माणसाला सोसत नाही. त्याच्या रासायनिक कुळातील मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत १९२२ साली तयार झाले आणि फ्रेंच वैद्य झाँ स्टर्न यांनी १९५७ साली रुग्णांवरील वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळे केलेले फ्लोरिझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, हे १८८६ साली दिसून आले होते. परंतु ते आतड्यातच मोडते आणि रक्तात नीट शोषले जात नाही, त्यामुळे त्याच धर्तीची ग्लिफ्लोझिन गटातील औषधे बाजारात यायला २०१२-१३ साल उजाडावे लागले. दोन्ही ठिकाणी वनस्पतीने दिशा दाखवली, पण रुग्णाच्या हाती जे आले तो त्या वनस्पतीचा अर्क नव्हता. सप्तरंगीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिचे मुख्य द्रव्य तोंडाने घेतल्यावर आतड्यातच आपले काम करते आणि त्यासाठी त्याला रक्तात शोषले जाण्याची गरजच पडत नाही. सप्तरंगी ज्या सॅलेशिया प्रजातीत (जीनस) मोडते, तिच्यातीलच कोथला हिंबुटू ही वेल श्रीलंकेत आहे. तिच्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून ते मधुमेहींनी प्यायची तिकडे रीत आहे, आणि जपानी संशोधकांनी १९९७ साली याच वेलीतून सॅलॅसिनॉल हे द्रव्य वेगळे केले; सप्तरंगीतील ते मुख्य द्रव्यही हेच. पिष्ट पदार्थ आणि साखर यांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणाऱ्या आतड्यातील विकरांना ते अडवते.

आता तुमच्या प्रयोगाकडे वळतो. मूळ कोणाकडून आणले, हा माझा पहिला प्रश्न आहे. सॅलेशिया या प्रजातीतील एकाहून अधिक जाती सह्याद्रीत आढळतात, आणि वाळवून तुकडे केलेले मूळ पाहून जात सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. आडव्या कापात दिसणाऱ्या रंगीत वलयांवरून सप्तरंगी ओळखता येते असे सांगितले जाते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही मुळ्या विकणाऱ्या एका माणसाकडून आणलेल्या मालावर चार महिने काम केले; पुढच्या वर्षी त्याच माणसाकडून त्याच नावाने घेतलेल्या मालाचा रासायनिक ठसा पहिल्याशी जुळेना, आणि कोणता माल खरा हे ठरवण्यासाठी आमच्याजवळ पानाफुलांसह वाळवून ठेवलेली एकही फांदी नव्हती. ते चार महिने फुकट गेले. म्हणून ज्या वेलीचे मूळ घ्याल, त्याच वेलीची फुले-फळे असलेली फांदी दाबून वाळवावी, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात तिची ओळख पटवून घ्यावी आणि नमुन्याला क्रमांक घ्यावा. हे काम खर्चाचे नाही, पण ते झाले नसेल तर पुढचे सगळे आकडे निराधार ठरतात.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचे आजोबा मूळ पाण्यात उकळत होते आणि तुम्ही ते मिथेनॉलमध्ये भिजवलेत. सोळापट पाणी घालून आठव्या हिश्श्यापर्यंत आटवलेला काढा आणि मिथेनॉलचा अर्क हे रासायनिकदृष्ट्या दोन वेगळे पदार्थ आहेत. सॅलॅसिनॉल पाण्यात सहज विरघळते. मिथेनॉलमध्ये त्याच्यासोबत अशी अनेक द्रव्ये येतात जी काढ्यात एक तर उतरत नाहीत किंवा अगदी थोडी उतरतात. गावातील अनुभव काढ्याचा असेल, तर त्याचा आधार मिथेनॉलच्या अर्काला देता येत नाही, आणि मिथेनॉलच्या अर्कात विषारीपणा आढळला तर त्याचा दोष काढ्यालाही लावता येत नाही. लोक जे पितात तेच आधी तपासावे: तेच भांडे, तेवढेच पाणी, तेवढाच वेळ, आणि मग तो काढा गाळून, गोठवून, निर्वातात सुकवून त्याची भुकटी करावी.

त्या भुकटीत नेमके काय मोजायचे, येथेही एक फसगत आहे. सप्तरंगीत मँगिफेरिन नावाचे दुसरे एक द्रव्य असते, आणि अतिनील प्रकाश शोषून घेत असल्याने ते मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या कोणत्याही साध्या एचपीएलसी यंत्रावर ठळकपणे दिसते. सॅलॅसिनॉल तसा प्रकाश शोषत नाही, त्यामुळे त्याच यंत्राला ते दिसतच नाही आणि त्यासाठी वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडलेले यंत्र लागते. परिणामी अनेकजण मँगिफेरिनच्या प्रमाणावरून अर्काची प्रत ठरवतात, आणि ज्या द्रव्यामुळे आतड्यातील विकर अडते ते कोणी मोजतच नाही. तुमच्या महाविद्यालयात असे यंत्र नसेल तर नमुने बाहेर पाठवावे लागतील. पण ज्या द्रव्यावर भिस्त आहे त्याचे प्रमाण ठाऊक नसताना एका घाण्याचा अर्क दुसऱ्या घाण्यासारखा आहे, असे म्हणता येणार नाही.

अकार्बोजपेक्षा अर्क सरस ठरला, याचा आनंद मी थोडा आवरायला सांगेन. बहुतेक महाविद्यालयांत या चाचणीसाठी यीस्टपासून मिळवलेले अल्फा-ग्लुकोसिडेज वापरतात, कारण ते स्वस्त आहे आणि सहज मिळते. हे विकर सस्तन प्राण्यांच्या आतड्यातील विकरापेक्षा वेगळ्या कुळातले आहे, आणि अकार्बोज त्याला फारच कमी प्रमाणात अडवते. म्हणजे जिच्याशी तुलना केली ती पट्टीच तेथे आखूड होती. यीस्टच्या विकरावर अकार्बोजला मागे टाकणारे अर्क शेकड्यांनी सापडतात. हीच चाचणी उंदराच्या आतड्यातून काढलेल्या विकरावर, माल्टोज आणि सुक्रोज (म्हणजे आपली घरची साखर) हे दोन्ही पदार्थ वापरून पुन्हा करावी. शिवाय सालीमुळांतील टॅनिन ही तुरट द्रव्ये कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचा साका बसवतात, आणि मग विकर अडल्याचा आभास होतो. याची शहानिशा करण्यासाठी पॉलिव्हिनिल पायरोलिडोनने टॅनिन काढून टाकलेला अर्क शेजारी ठेवून पाहावा. परिणाम टॅनिनबरोबरच नाहीसा झाला तर तो सप्तरंगीचा विशेष गुण नव्हे. खैराची साल किंवा चहाची पत्तीही तेवढे करू शकते. चाचणीचा शेवट पिवळ्या रंगाच्या मोजणीत होतो आणि तुमचा अर्क स्वतःच तांबूस असणार, म्हणून विकर न घातलेल्या अर्काचे वाचन वजा केले होते काय, हेही तपासून पाहावे.

उंदरांच्या आकड्यांनी मला खरोखर विचारात पाडले, कारण ते सप्तरंगीच्या ज्ञात कार्यपद्धतीशी जुळत नाहीत. आतड्यात ग्लुकोज सुटण्याचा वेग कमी करणारे द्रव्य मुख्यतः जेवणानंतरची साखर रोखते. उपाशीपोटीची साखर त्याने ३१० वरून १४५ वर यावी, हे सहजासहजी घडत नाही. मग ती कशाने उतरली? स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते, पण मात्रा थोडी कमी पडली किंवा द्रावण करून ठेवल्याने त्याची शक्ती गेली, तर काही उंदीर दोन-तीन आठवड्यांत आपोआप सावरतात. औषध न दिलेला मधुमेही उंदरांचा गट शेजारी नसेल तर हे सावरणे अर्काच्या खात्यावर जमा होते. तुमच्या प्रश्नात अशा गटाचा उल्लेख नाही. तो नसेल, तर हा प्रयोग पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी शक्यता अशी की कडू-तुरट अर्क पाजलेल्या उंदरांनी खाणेच कमी केले असेल. रोजचे खाद्य आणि वजन नोंदवले नसेल तर तेही कळणार नाही. तिसरी शक्यता, मिथेनॉलच्या अर्कातील दुसरे एखादे द्रव्य यकृतावर किंवा बीटा पेशींवर काम करत असण्याची, खरोखर मोलाची आहे, पण पहिल्या दोन शक्यता बाजूला केल्याशिवाय तिसरीकडे जाता येत नाही.

यासाठी एक साधी आणि स्वस्त परीक्षा आहे. निरोगी उंदरांच्या चार गटांपैकी दोन गटांना अर्क आणि दोन गटांना नुसते पाणी द्यावे. मग अर्क दिलेल्या एका गटाला आणि पाणी दिलेल्या एका गटाला सुक्रोज, तर उरलेल्या दोन गटांना ग्लुकोज पाजावे आणि दोन तास ठरावीक अंतराने रक्तशर्करा मोजावी. अर्क आतड्यातील विकरावर काम करत असेल तर सुक्रोजनंतरची चढण बसकी होईल आणि ग्लुकोजनंतरची चढण जशीच्या तशी राहील, कारण ग्लुकोज आधीच फुटलेले असते आणि त्याला विकराची गरज नसते. दोन्ही चढणी बसक्या झाल्या तर अर्काचे काम दुसरीकडे कोठेतरी, कदाचित जठर रिकामे होण्याच्या वेगावर, चालले आहे असे समजावे. नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी यांशिवाय मात्र हे काम करू नये.

मात्रेचे गणितही येथेच मांडून पाहू. उंदराची प्रतिकिलो मात्रा माणसाच्या मात्रेत बदलताना ती ६.२ ने भागतात. ४०० मिलिग्रॅमला भागले की सुमारे ६४.५ येतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ३.९ ग्रॅम अर्क. पाचशे मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल झाल्या. शंभर ग्रॅम वाळलेल्या मुळातून आठ ग्रॅम अर्क मिळतो असे धरले, तर एका माणसाला रोज ४८ ग्रॅम मूळ लागेल. तुमच्या आजोबांच्या काढ्यात किती मूळ पडत असे, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून आणि प्रत्यक्ष वजन करून ठरवा. ते पाच-दहा ग्रॅमच्या घरात असेल, तर ज्या मात्रेवर तुम्हाला परिणाम दिसला ती परंपरेतील मात्रेच्या कित्येक पट आहे आणि तिच्या सुरक्षिततेला परंपरेचा दाखला चालणार नाही. तोंडावाटे एकदाच दिलेल्या प्रतिकिलो २००० मिलिग्रॅम मात्रेने उंदीर मेले नाहीत, एवढ्यावर बरेच प्रबंध 'अर्क सुरक्षित' असे लिहून मोकळे होतात. मधुमेहाचे औषध आयुष्यभर घ्यायचे असते. त्यासाठी किमान ९० दिवस रोज मात्रा देऊन यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी तपासणाऱ्या चाचणीला पर्याय नाही.

आपल्या हवेमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. कोकणात जून ते सप्टेंबर या महिन्यांत मूळ उघड्यावर वाळतच नाही. वरून कोरडे दिसले तरी आत ओल राहते आणि बुरशी धरते. म्हणून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची आणि बुरशी-जिवाणूंची तपासणी प्रत्येक घाण्याला करावी. मूळ हा जमिनीतला भाग असल्याने जड धातूही पाहावे लागतात; शिसे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा वनस्पतिजन्य औषधांसाठी पाळल्या जातात.

माणसांवरील चाचणीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विजयसार, म्हणजे आपला बिबळा, नव्याने निदान झालेल्या मधुमेहींना देऊन पाहिला होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा आशादायक आहे, परंतु ती चाचणी खुली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि ज्याला नुकताच मधुमेह कळला आहे तो माणूस घाबरून गोड सोडतो, चालायला लागतो, त्याची साखर पुष्कळदा त्यानेच उतरते. म्हणूनच पुढे टॉल्ब्युटामाइड या मधुमेहाच्या गोळीशी तुलना करणारी, रुग्ण आणि वैद्य दोघांनाही औषध ठाऊक नसलेली चाचणी घ्यावी लागली. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघरी घेतात. तेथे त्याची तुलना ग्लायब्युराइड या मधुमेहाच्या गोळीशी केली तेव्हा गोळी घेणाऱ्यांची साखर उतरली आणि चहा घेणाऱ्यांची उतरली नाही. तो निष्कर्ष पानांच्या चहाचा आहे, आपण वापरतो त्या बियांच्या चूर्णाला तो लागू करू नये. पण घरोघरी घेतले जाणारे औषधही चाचणीत कोरडे ठरू शकते, एवढे त्यातून दिसते.

कोकणात तर ऋतूच चाचणी बिघडवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही गुहागरकडच्या दोन वाड्यांत एका चूर्णाची निरीक्षणे मे महिन्यात सुरू केली आणि श्रावणात संपवली. चूर्ण घेणाऱ्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, स्पष्टपणे उतरली होती. सुदैवाने काहीही न घेणाऱ्या शेजाऱ्यांचीही रक्ते आम्ही घेतली होती, आणि त्यांचीही साखर जवळजवळ तेवढीच उतरली होती. मे महिन्यात प्रत्येक घरात हापूस, रायवळ, फणस असतो, मुंबईकर आलेले असतात, लग्नकार्ये असतात. जून-जुलैत आंबा संपतो आणि माणसे चिखलात वाकून भाताची लावणी करतात. श्रावणात उपास येतात. मेपासून श्रावणापर्यंतच्या काळात साखर उतरवायला कोणत्याही मुळीची गरज पडत नाही. म्हणून दोन्ही गटांची भरती एकाच वेळी व्हावी, वाटणी चिठ्ठ्या टाकून व्हावी, आणि शक्य असेल तर चाचणी वर्षभर चालवावी. एचबीए१सीमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक ओळखायचा असेल आणि माणसामाणसांतील तफावत एक टक्का धरली, तर रूढ गणिताने प्रत्येक गटात ६३ माणसे लागतात; काहीजण मध्येच सोडतात हे धरून ८० घ्यावीत. रक्तक्षय असलेल्यांची एचबीए१सी फसवी असू शकते, आणि आपल्या भागातील स्त्रियांमध्ये तो नेहमी आढळतो, म्हणून हिमोग्लोबिन आधी पाहावे.

सप्तरंगी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पोटात गेली पाहिजे, पहाटे अनशापोटी नव्हे. आतड्यात अन्न नसेल तर विकराला अडवून उपयोग काय? पोट फुगणे आणि वायू धरणे हे तिचे अपेक्षित त्रास आहेत, ते आधी सांगून ठेवावेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाची साखर एकाएकी फार उतरली, तर त्याला घरची साखर किंवा गूळ देऊन लवकर उतार पडणार नाही, कारण सुक्रोज फोडणारे विकरच अडलेले असते. अशा वेळी ग्लुकोजची भुकटीच द्यावी, आणि ती चाचणीतील प्रत्येक घरी ठेवावी. आजही तुमच्या गावात जे काढा घेत असतील त्यांना ही गोष्ट लगेच सांगा, आणि त्यांच्यापैकी कोणी डॉक्टरांची गोळी किंवा इन्शुलिन बंद केले असेल तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांना आजच डॉक्टरांकडे पाठवा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. माणसांवरील चाचणीला नैतिकता समितीची मान्यता आणि देशाच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत आगाऊ नोंदणी लागते. शुद्ध केलेल्या अर्काला वनस्पतिजन्य औषध म्हणून मान्यता हवी असेल, तर २०१५ च्या तरतुदीनुसार त्यातील किमान चार द्रव्ये ओळखून मोजलेली असावी लागतात.

शेवटी मुळाचाच प्रश्न उरतो. वर काढलेली ४८ ग्रॅमची मात्रा खरी धरली, तर ८० माणसांना ९० दिवस द्यायला सुमारे साडेतीनशे किलो वाळलेले मूळ लागेल, आणि मूळ खणले की वेल मरते. सिंधुदुर्गात जुन्या, जाड वेली आता मुख्यतः देवरायांतच दिसतात. तेवढे मूळ तेथून काढणे मला मान्य नाही, आणि देवाचा कौल घेतल्याशिवाय राईतली काडीही न उचलणारे तुमचे गावकरही ते मानणार नाहीत. म्हणून कार्तिकात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, एखाद्या बागायतदाराच्या कुंपणातील वेल मालकाच्या आणि गावच्या जैवविविधता समितीच्या संमतीने निवडा. तिची पाने, कोवळी खोडे आणि बाजूचे एखादेच उपमूळ घ्या, तिन्हींचे काढे एकाच रीतीने करा, आणि उंदराच्या आतड्यातील विकरावर ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. पानांचा किंवा खोडांचा काढा मुळाच्या निम्म्याने जरी काम करत असेल, तर पुढची सगळी चाचणी त्यावरच आखा. ती आखणी करण्याआधी आकडे माझ्याकडे पाठवलेत तर मी ते जरूर पाहीन.